भाडेकरूचा पाटिया

महाराष्ट्राला सुरत आठवते ती तीन प्रसंगांनी. १६६४ आणि १६७० ची लूट, १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात झालेली जोडाफेक, आणि जून २०२२ मध्ये मुंबईहून रातोरात निघालेले आमदार जेथे उतरले ते हॉटेल. त्या आमदारांना सुरतेत खोली मिळायला कितीसा वेळ लागला असेल? आमच्या खानदेशातला माणूस मात्र भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीने गेली पन्नास-साठ वर्षे याच सुरतेत उतरतो आहे आणि हक्काची खोली मिळवण्यात त्याची उभी हयात जाते. त्याच्यावर अग्रलेख लिहिले जात नाहीत. तेव्हा निदान सीमेवरच्या एका दिवाळी अंकाने तरी ते काम करावे.

पर्वत पाटिया हे नाव ऐकून नवख्याला डोंगर आठवतो. डोंगर तेथे औषधालाही नाही. पर्वत हे एका जुन्या गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे आपला फाटा. हमरस्त्यावर आत वळण्याच्या जागी गावाच्या नावाची पाटी उभी असते, गुजरातीत तिला पाटियुं म्हणतात, आणि ती पाटीच पुढे ठिकाणाचे नाव होऊन बसते. सुरतेहून कडोदरा-बारडोलीकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा भाग. एका अंगाला लिंबायत, दुसऱ्या अंगाला मगोब आणि पुणा, खाली गोडादरा, डिंडोली, पुढे सरोलीची नवी कापड मार्केटे. रिंग रोडवरची जुनी मार्केटेही हाकेच्या अंतरावर. राजस्थानी व्यापारी आणि त्यांचे गुमास्ते येथे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत, ओडिया आहेत. आणि लिंबायत ते डिंडोली या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे इतकी, की दोन अनोळखी माणसे भेटली की पहिला प्रश्न अजूनही ‘तुम्हनं गाव कोनतं?’ हाच असतो. दुसरा प्रश्न, खोली कोणाची?

हा दुसरा प्रश्नच आमच्या लेखाचा विषय आहे.

कारण खोली बहुधा स्वतःची नसते. दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. तळमजल्यावर मालक, वर दोन-तीन मजले चढवलेले, प्रत्येक मजल्यावर तीन-चार बिऱ्हाडे, संडास सामाईक, पाण्याची वेळ ठरलेली, लाइटचे पैसे मालकाच्या सबमीटरप्रमाणे. नवरा लूमवर किंवा डाइंगच्या मिलमध्ये बारा तासांच्या पाळीत, नाहीतर रिक्षावर, नाहीतर मार्केटमध्ये गाठोडी वाहायला. बायको घरी बसून साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते, धागे कापते. मार्केटमधून साड्यांचा गठ्ठा येतो, दोन दिवसांनी परत जातो, नगावर पैसे मिळतात. ही खोली म्हणजे घरही आहे आणि कारखानाही. सुरतेच्या ज्या साडीचे कौतुक बेळगावपासून गुवाहाटीपर्यंत होते, तिच्या किमतीतला स्वस्तपणा या खोलीच्या भिंतीतून येतो, हे अर्थशास्त्र्यांनी सांगायला हवे होते. त्यांनी सांगितले नाही म्हणून आम्ही सांगतो.

आता महापालिकेच्या कागदांत हा माणूस शोधू या. घरपट्टीच्या वहीत मालकाचे नाव आहे. झोपडपट्टीच्या यादीत झोपडीधारकाचे नाव आहे. आवास योजनेच्या यादीत लाभार्थ्याचे नाव आहे. भाडेकरू कोठे आहे? फक्त एका ठिकाणी. पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे निघतात की घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. म्हणजे संशयित म्हणून भाडेकरू मोजला जातो, नागरिक म्हणून मोजला जात नाही. शहर चालवणाऱ्यांच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसे आहेत, एक घराचा धनी आणि दुसरा अतिक्रमण करणारा. भाडे वेळेवर भरून, कोणाची इंचभर जागा न बळकावता वीस वर्षे राहणारा जो तिसरा, तो सरळ वागला हाच त्याचा गुन्हा. झोपडी घातली असती तर निदान यादीत आला असता!

सुरत महापालिकेला काही जमतच नाही, असा आमचा आरोप नाही. उलट तिला काय जमते हे साऱ्या देशाने पाहिले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला, लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. त्यानंतर एस. आर. राव नावाचे आयुक्त आले आणि दोन वर्षांच्या आत त्याच शहराची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. कचरा उचलायचे ठरवले, तो उचलला गेला. घरांचेही तसेच. २००५ च्या अखेरीस केंद्राची जवाहरलाल नेहरू शहर योजना आली, निम्मे पैसे केंद्राचे, तेव्हा तापीपलीकडे कोसाडला आणि इकडे भेस्तानला चार-चार मजली इमारतींच्या रांगा या पालिकेने उभ्या केल्या. २०१५ नंतर प्रधानमंत्री आवास योजनेतही सुरतेने घरे बांधली, ड्रॉ काढले, किल्ल्या वाटल्या. बांधले हे खरे आहे. २००१ च्या जनगणनेत चोवीस लाखांचे असलेले शहर २०११ मध्ये हद्दवाढीसह साडेचव्वेचाळीस लाखांचे झाले, एवढा लोंढा अंगावर घेऊन बांधले, याचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

पण कोसाडचेच उदाहरण घ्या. तापीकाठची, खाडीकाठची वस्ती उठवली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. भिंत पक्की मिळाली, संडास स्वतःचा मिळाला, आणि काम मात्र नदीच्या अलीकडे राहिले. साड्यांचा गठ्ठा घेऊन येणारा टेम्पोवाला कोसाडला कशाला जाईल? त्याला मार्केटच्या दोन किलोमीटरच्या आत दहा बायका मिळतात. तेव्हा बाईची मजुरी पहिल्या महिन्यातच बुडाली. पुरुषाची पाळी सकाळी सातला सुटते किंवा लागते, तेव्हाचा रिक्षाचा खर्च मजुरीतून गेला. मग काही कुटुंबांनी सोपा मार्ग पत्करला. आवासातले घर दुसऱ्याला भाड्याने दिले आणि आपण पुन्हा जुन्या भागात भाड्याची खोली धरली. तपासणी झाली, घरांना सील लागले, आणि साहेब मंडळी म्हणाली, पाहा, यांना घराची गरजच नव्हती. गरज घराची होतीच. ती कामाजवळच्या घराची होती. पायाला चप्पल लागते म्हणून कोणाला दोन नंबर मोठी चप्पल द्यावी आणि तो अनवाणी दिसला की त्याला कृतघ्न म्हणावे, तसा हा न्याय.

आणि मराठी माणसासाठी यात आणखी एक काटा आहे. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते. देशातल्या फार थोड्या पालिका एवढे औदार्य दाखवतात.  पण मराठी शाळा चालते ती मराठी वस्तीच्या आधाराने. लिंबायत-उधन्याच्या गल्लीतून शंभर कुटुंबे उचलून चार दिशांना चार आवासांत विखुरली, की इकडे पट कमी होतो आणि तिकडे मराठी वर्ग असेलच याची हमी कोणी देत नाही. भाषा टिकवण्यासाठी आपण संमेलने भरवतो, ठराव करतो. सुरतेत भाषा टिकते ती खोलीच्या भाड्यावर. भाडे परवडले तर वस्ती राहते, वस्ती राहिली तर वर्ग राहतो. नव्या आवासाच्या नकाशात जिन्याची रुंदी लिहितात, पण येणाऱ्यांची पोरे कोणत्या भाषेत शिकतात हा रकाना कोठे असतो?

आता अर्जाकडे वळू. प्रधानमंत्री आवास योजनेची अट आहे की अर्जदार कुटुंबाच्या नावावर भारतात कोठेही पक्के घर नसावे. कागदावर अट रास्त दिसते. पण शिंदखेडा किंवा साक्री तालुक्यातल्या गावी बापाचे दोन खणांचे घर असते. बाप गेला की ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर चार भावांची नावे वारस म्हणून लागतात. चौथ्या हिश्श्याचे घर ते, म्हणजे एक खुंटी आणि एक कोनाडा. तेवढ्यावर सुरतेतला भाऊ पक्क्या घराचा धनी ठरायचा. ज्या घरात तो दिवाळीला दोन रात्री झोपतो आणि भावजयीच्या कपाळावरची आठी मोजतो, त्या घराचा!

गुजरात सरकारच्या २०१० च्या झोपडपट्टी पुनर्विकास नियमांत तर पात्रतेची व्याख्याच अशी होती की माणूस त्या झोपडीत किमान दहा वर्षे राहिलेला हवा आणि गुजरातचा पंचवीस वर्षांचा रहिवासी, किंवा तशा रहिवाशाचा वंशज हवा. पंचवीस वर्षे! तेवढ्यात माणूस नातवाचे तोंड पाहतो. दाखले कोणते आणणार? भाड्याची पावती मालक देत नाही, लाइटबिल मालकाच्या नावाचे, अकरा महिन्यांचा करार केलाच तर तो नोटरीच्या पुढे जात नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी खोली बदललेली असल्यामुळे प्रत्येक कागदावर निराळा पत्ता. महाराष्ट्रात आपण यापेक्षा फार उदार आहोत असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मुंबईत उत्तर भारतीयाकडे दाखले मागताना आपलाही आवाज असाच चढतो. सुरतेत आपण त्याच्या जागी उभे आहोत, एवढाच फरक.

रेल्वेच्या कडेला राहणाऱ्यांची गोष्ट तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. उतराण ते भेस्तान या पट्ट्यात रुळांच्या कडेने हजारो झोपड्या होत्या. सुरत-उधना ते जळगाव या मार्गाच्या जादा लाइनसाठी रेल्वेला जागा हवी होती. नियतीचा विनोद पाहा, ज्या लाइनने माणसे सुरतेला आली, तीच लाइन रुंद करायची म्हणून माणसे उठवायची! १६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल लागला. घर पाडले जाईल त्या प्रत्येकाला महिना दोन हजार रुपये, सहा महिन्यांपर्यंत. रक्कम रेल्वे, राज्य आणि महापालिका यांनी सारखी वाटून घ्यावी. आणि लोकांनी आवास योजनेत अर्ज करावा. सहा महिन्यांचे मिळून बारा हजार. न्यायालयाने हात अगदीच झटकले नाहीत, पालिकेवरही जबाबदारी टाकली, हे मान्य करून आम्ही विचारतो की दोन हजारांत लिंबायतच्या कोणत्या मजल्यावर खोली मिळते? बरे, ही उठलेली माणसे गेली कोठे? आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतच ना? म्हणजे रुळाकाठची पाच घरे पडली की पर्वत पाटियातल्या खोलीचे भाडे चढते. पाडापाडीचा खर्च सरकारी वहीत तीन खात्यांत वाटला गेला. भाडेवाढीचा चौथा वाटा कोणी भरला ते वहीत लिहिलेले नाही.

भाडेकरूची आठवण सरकारला एकदाच झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माणसे गठुडी घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा २९ मार्चला केंद्राने हुकूम काढला की घरमालकांनी कामगारांकडून महिन्याचे भाडे मागू नये. मागायचे नाही ते मागितले गेलेच, पण निदान भाडेकरू हा शब्द सरकारी कागदावर उमटला. पुढे जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-घरांची योजना आली. पूर्वी बांधून रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने द्यावीत, आणि खासगी जागेवर नवी भाड्याची घरे उठवावीत, असे तिचे दोन मार्ग. योजना उत्तम. कामगारांच्या या महानगरात पहिल्या मार्गाने किती घरे निघाली? चारशेच्या आतबाहेर. लाखांनी कामगार आणि शेकड्याने घरे. भर उन्हात मटक्यावर एक थेंब शिंपडून पाणपोई उघडल्याची बातमी द्यावी, त्यातला हा प्रकार.

जागा नाही, असे उत्तर आम्हाला तोंडावर मिळेल, म्हणून जागेचेच बोलू.

गुजरातची नगररचना योजना, जिला तेथे सगळे टीपी म्हणतात, ही मूळची आपल्या सर्वांची. १९१५ चा मुंबई इलाख्याचा कायदा हे तिचे मूळ. महाराष्ट्राने पुढे ती बरीचशी बाजूला ठेवली, गुजरातने जपली आणि १९७६ च्या कायद्याने पक्की केली. युक्ती साधी आहे. शेतजमिनी एकत्र करायच्या, रस्ते आखायचे, प्रत्येक मालकाकडून जमिनीचा काही हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून, भाव वाढलेली अशी त्याला परत द्यायची. कापलेल्या हिश्श्यातून रस्ते, बागा, शाळा. आणि त्याच कायद्याने सांगितले आहे की योजनेच्या क्षेत्रातली दहा टक्क्यांपर्यंत जमीन सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासांच्या घरांसाठी राखावी. हिशेब ज्याने त्याने पाटीवर मांडून पाहावा. शंभर हेक्टरची एक टीपी, त्यातली दहा हेक्टर, म्हणजे एक लाख चौरस मीटर. जमिनीच्या दीडपट बांधकाम केले आणि एका घराला जिन्यासकट पन्नास चौरस मीटर धरले, तर तीन हजार घरे. एका टीपीत! आणि सुरतेची हद्द २००६ मध्ये ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली, २०२० मध्ये आणखी वाढून ४६० च्या घरात पोहोचली. नव्या हद्दीत टीपी मागून टीपी पडते आहे.

ही जमीन पालिकेला विकत घ्यावी लागत नाही. ती आधीच हातात येते, आणि तीही कोसाडला नव्हे, त्या त्या भागात, कामाच्या दाराशी. मग आमची मागणी काय? फार नाही. पर्वत, मगोब, गोडादरा, डिंडोली, पुणा, येथल्या प्रत्येक टीपीत गरिबांच्या घरांसाठी राखलेल्या प्रत्येक प्लॉटवर एक पाटिया उभा करा. प्लॉटचा क्रमांक, क्षेत्रफळ, कोणत्या साली राखला, त्यावर काय बांधणार, केव्हा बांधणार. हेतू बदलला असेल तर कोणत्या ठरावाने बदलला, तेही लिहा. पाटियाच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या भागात एवढे पाटिये लावणे कठीण जाऊ नये. आणि त्यांतल्या काही प्लॉटांवर घरे विकू नका. भाड्याने द्या. मालकी पालिकेची, राहणारा बदलता. माणूस गावी परत गेला, पोरगा शिकून दुसरीकडे गेला, की खोली पुढच्याला.

येथे जाणकार मंडळी हसतात. म्हणतात, सरकारी भाड्याची घरे म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळी, भाडे नाममात्र, दुरुस्ती शून्य, शंभर वर्षांनी पाडायची पाळी. सुरतेतही त्यांना दाखला सापडतो, पालिकेचीच मान दरवाजाची टेनामेंट. जर्जर झाल्या म्हणून बिऱ्हाडे बाहेर काढली आणि पुनर्विकासाला बिल्डर मिळेना म्हणून निविदा पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. दाखला खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. भाड्याची घरे असतात म्हणून कुजत नाहीत, भाडे दुरुस्तीला पुरणार नाही इतके खाली बांधून ठेवले आणि दुरुस्तीचे खाते उघडलेच नाही म्हणून कुजतात. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराने १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला, आलिशान घराला जास्त, साध्या घराला नाममात्र, आणि त्या पैशावर १९३४ पर्यंत साठ हजारांवर भाड्याची घरे बांधली. आज त्या शहराच्या मालकीची सुमारे सव्वादोन लाख घरे आहेत, त्यांत शिक्षक राहतो, ट्रामचालक राहतो, आणि ती पडायला आलेली नाहीत. एवढ्या लांब नको असेल तर मुंबईत या. भाडेनियंत्रणाने जुन्या इमारती जर्जर झाल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ उभे केले. त्या मंडळाच्या कारभाराला आम्ही आरती ओवाळणार नाही. पण जुने स्वस्त घर टिकवणे हे सरकारचे काम आहे, एवढे तरी त्या कायद्याने कबूल केले. सुरतेत अजून कोणी तेवढेही कबूल केलेले नाही.

आणि टिकवण्यासारखे येथे पुष्कळ आहे. लिंबायत-पर्वतच्या गल्ल्यांतल्या या तीन मजली, ओबडधोबड इमारती म्हणजेच सुरतेची खरी परवडणारी घरे. त्या कोणत्याही योजनेत बांधलेल्या नाहीत. शेतजमिनीचे तुकडे पाडून, साध्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार करून, पागडी-पतपेढीच्या कर्जावर आपल्याच माणसांनी बांधल्या. होय, मालकही बहुधा आपलाच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आधी आलेला जिभाऊ आज खोल्यांचा धनी आहे आणि नंतर आलेला त्याचाच गाववाला भाडेकरू. गणपतीत दोघे एका ढोलामागे नाचतात आणि एक तारखेला एकमेकांची नजर चुकवतात. लाइटच्या युनिटला बिलापेक्षा दीडपट दर लावणारा, पावती मागितली की खोली खाली कर म्हणणारा मराठी मालक आम्ही पाहिला आहे. तरीही सांगतो, हा मालक खलनायक नव्हे. पालिकेने जे करायचे ते त्याने केले, वाकडेतिकडे का होईना.

जून २०२५ मध्ये खाडीचे पाणी या भागात शिरले आणि दिवसचे दिवस उतरले नाही. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर उकाईच्या विसर्गाने आला होता. आता खाडीचा पूर पावसागणिक येतो. पाणी ओसरले की खाडीकाठच्या बांधकामांची चर्चा सुरू होते. खाडी मोकळी व्हायलाच हवी, पुरात सगळ्यात आधी बुडतो तो तळमजल्यावरचा भाडेकरूच. पण इमारत पाडताना मालकाची कागदपत्रे तपासतात, भाडेकरूला कोण विचारते? एका इमारतीत दहा बिऱ्हाडे असतील तर पालिकेच्या पंचनाम्यात एक बांधकाम जाते. दहा चुली जातात हे नोंदले जात नाही. म्हणून आमची दुसरी मागणी, पाडण्यापूर्वी चुली मोजा. जेवढ्या चुली तेवढ्या खोल्या त्याच झोनमध्ये, पालिकेच्या भाड्याच्या घरांत. आणि ज्या इमारती पाडायच्या नाहीत, त्यांच्या मालकाला बांधकाम नियमित करून द्या (दंड भरून नियमित करण्याचे कायदे गुजरातने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये केलेच आहेत), जिना, संडास, वायरिंग सुधारायला स्वस्त कर्ज द्या, घरपट्टीत सूट द्या, आणि बदल्यात दोन गोष्टी लिहून घ्या. प्रत्येक भाडेकरूला पावती, आणि पाच वर्षे ठरल्यापेक्षा जास्त भाडेवाढ नाही. हे नव्या घरांपेक्षा स्वस्त पडेल. शिवाय कोणाला नदीपलीकडे जावे लागणार नाही.

घाई एवढ्यासाठी की भेसाण ते सरोली अशी मेट्रोची दुसरी मार्गिका याच भागातून, मगोबवरून, उभी राहते आहे. मेट्रो स्टेशनाच्या आसपास जमिनीचे काय होते ते मुंबईत घाटकोपर-अंधेरीने पाहिले आहे. चाळ पाडून टॉवर होतो, मालकाला फ्लॅट मिळतो, बिल्डरला नफा मिळतो, पालिकेला प्रीमियम मिळतो. भाडेकरूला एक महिन्याची मुदत मिळते. स्टेशन सुरू होण्यापूर्वी राखीव प्लॉट भाड्याच्या घरांना बांधले नाहीत, तर नंतर त्या भावाने कोणतीही पालिका ते सोडणार नाही.

कोणी म्हणेल, परक्या राज्यात जाऊन मागण्या कसल्या करता? लूम चालवताना, साडीला टिकली लावताना, रिक्षाचा पास भरताना परके राज्य आठवले नाही. ज्या खोलीची घरपट्टी मालक भरतो ती भाडेकरूच्या खिशातूनच जाते. आणि आपण तेथे दुबळेही नाही. लिंबायतमधून मराठी माणसे नगरसेवक होतात, आमदार होतात, खानदेशात जन्मलेले खासदार दिल्लीत मंत्री झाले आहेत. आपल्या मंडळांकडे गणेशोत्सव आहे, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम आहेत, शिवजयंतीच्या मिरवणुका आहेत, वधूवर मेळावे आहेत. व्यासपीठावर नेता आला की आपण त्याला फेटा बांधतो आणि त्याच्याकडून एक समाजमंदिर मागतो. समाजमंदिर बांधून होते, उद्घाटन होते, आणि समाज त्याच रात्री खोली शोधत हिंडतो. एकदा तरी फेटा बांधण्यापूर्वी विचारा, भाऊसाहेब, आमच्या टीपीतले राखीव प्लॉट किती आणि त्यांवर काय आहे?

दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस महापालिका आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात. त्याआधी सूचना पाठवायला दिवाळीपासून अडीच-तीन महिने मिळतात. मंडळांनी एक करावे. आपापल्या गल्लीतल्या इमारती, मजले, खोल्या आणि चुली मोजाव्यात; खोलीचे भाडे, पावती मिळते की नाही, मुले कोणत्या माध्यमात जातात, कामाचे ठिकाण किती लांब, एवढेच रकाने. शाळेतल्या मोठ्या पोरांना सुटीत हे काम सहज जमेल. मालकाला त्यात घ्यावे, त्याला वगळून केलेली यादी दुसऱ्या दिवशी फाटेल. मग ती यादी आणि दोन मागण्या एका कागदावर लिहून लिंबायत झोनच्या कार्यालयात द्याव्यात, पोच घ्यावी, एक प्रत स्थायी समितीला पाठवावी. अर्ज गुजरातीत लिहावा. सोबत मराठी प्रत जोडावी, आणि खाली सह्या करणाऱ्यांनी नावापुढे मालक की भाडेकरू हे स्पष्ट लिहावे.